पॅच जुळतो तरी फोटो धूसर यायलेत? रेंजफाइंडरचा फोकस असा तपासा

ही तक्रार घेऊन इतके जण आलेत की आता सगळं एका जागी लिहूनच टाकते. कॅमेरा याशिका इलेक्ट्रो ३५ असो, कॅनोनेट असो, मिनोल्टा हाय-मॅटिक असो नाहीतर रशियन झोर्की, फेड असो, वाक्य ठरलेलं असतं, "ताई, मधला पॅच बरोब्बर जुळवला होता, तरी फोटो धूसर यायलेत." (पॅच म्हणजे कॅमेऱ्यातून बघताना मधोमध दिसणारा फिकट तुकडा, त्यातली दुहेरी प्रतिमा एक झाली की फोकस झाला असं धरायचं.) त्याच्या मागोमागचं पण ठरलेलं, "कुठला स्क्रू फिरवू?" जरा दम धरा. स्क्रूचा नंबर पार शेवटी येतो, आणि माझ्याकडं आलेल्या बऱ्याच कॅमेऱ्यांत स्क्रूपर्यंत जायची वेळच आली नाही.

आधी लक्षणं. यातलं तुमचं कुठलं ते ओळखा, कारण मूळ वेगवेगळं असतं:

– भर उन्हातले फोटो झक्कास, पण घरातले, लेण्यातले, संध्याकाळचे सगळे मऊ.
– फोकस डोळ्यांवर केला होता, धारदार आला कान नाहीतर मागचा दरवाजा.
– लांबचं नीट, जवळचं बिघडलेलं. किंवा उलटं.
– सगळ्या फोटोवर दुधाळ पडदा, खिडकी-बल्बच्या भोवती चकाकी.
– फ्रेमची एकच बाजू धूसर, दुसरी ठीक.
– पॅचमधली आणि बाहेरची प्रतिमा एकमेकींच्या वर-खाली, काही केल्या एक होत नाहीत.

पहिलं लक्षण सगळ्यात जास्त दिसतं आणि सगळ्यात जास्त फसवतं. आपल्याकडं ऊन एवढं कडक की दिवसभर अपर्चर (लेन्समधलं छिद्र, आकडा मोठा तितकं छिद्र लहान) एफ ८, एफ ११ वरच राहतं, आणि तिथं चूक झाकली जाते. हिशोबच बघा. इलेक्ट्रोची लेन्स ४५ मिमी, एफ १.७. एफ ८ वर माणूस तीन मीटरवर असेल तर साधारण सव्वादोन मीटरपासून साडेचार मीटरपर्यंत सगळं चालण्याजोगं धारदार येतं, म्हणजे फोकस हातभर चुकला तरी पत्ता लागत नाही. तीच लेन्स एफ १.७ वर उघडी ठेवून एक मीटरवरचा चेहरा घेतला की धारदार पट्टा फक्त पाचेक सेंटीमीटरचा, म्हणजे अडीच पुढं अन् अडीच मागं. त्यामुळं "उन्हाळ्यात नीट चालत होता, पावसाळ्यात बिघडला" असं कुणी म्हणलं की मी आधी विचारते, अपर्चर किती होतं? कॅमेरा बहुतेक आधीपासूनच चुकत असतो, ढग आले आणि लेन्स उघडावी लागली म्हणून दिसलं.

दुसरं एक डोक्यात पक्कं बसवा. एसएलआरमध्ये आपण लेन्समधूनच बघतो, इथं तसं नाही. रेंजफाइंडर म्हणजे वेगळं मोजमाप, दोन खिडक्यांतून आलेल्या दोन प्रतिमा जुळवायच्या. लेन्सची रिंग फिरली की एक दांडी हलते, ती आतला आरसा किंवा प्रिझम हलवते आणि पॅच सरकतो. पॅच जुळला याचा अर्थ फक्त एवढाच की दांडीच्या मते अंतर अमुक आहे. फिल्मवर खरंच काय पडलं हे त्याला माहितीच नसतं. म्हणून बिघाड दोन जागी असू शकतो, मोजणाऱ्यात किंवा लेन्समध्ये, आणि चुकीच्या जागी पेचकस लावला तर एकाचे दोन बिघाड होतात.

फुकटातल्या तपासण्या

सगळ्यात आधी निगेटिव्ह बघा, स्कॅन नको. आता आपल्याकडं रोल धुणारे फारसे उरले नाहीत, बहुतेकांचे रोल पुण्या-मुंबईला जातात आणि व्हॉट्सॲपवर स्कॅन येतात, आणि स्कॅनचाच फोकस चुकलेला असू शकतो. लॅबला निगेटिव्ह परत पाठवायला सांगा, फेकू देऊ नका. मोबाईलवर पांढरी स्क्रीन लावा, वर बटर पेपर टाका (नाहीतर स्क्रीनचेच ठिपके दिसतात), त्याच्यावर निगेटिव्ह ठेवून भिंगातून बघा. भिंग नसेल तर जुन्या एसएलआरची ५० मिमी लेन्स उलटी धरा, पाचपट मोठं दिसतं, काम भागतं. निगेटिव्हमध्ये पापण्या स्पष्ट दिसतात आणि स्कॅनमध्ये नाहीत, तर कॅमेरा निर्दोष सुटला, लॅबशी बोला.

मग हात हलला का ते. धूसरपणाला दिशा आहे का बघा. दिव्याचा ठिपका रेघ झाला असेल, सगळ्या वस्तू एकाच दिशेला ओढल्यासारख्या असतील तर तो हात आहे, फोकस नाही. फोकस चुकला तर ठिपक्याचा गोल होतो आणि फ्रेममध्ये कुठंतरी, पुढं नाहीतर मागं, काहीतरी धारदार बहुतेक सापडतं. इलेक्ट्रोवाल्यांनी बटण अर्धं दाबल्यावर पिवळा दिवा लागतो का ते बघायची सवय लावा, तो लागला म्हणजे शटर १/३० पेक्षा हळू चाललंय. हा कॅमेरा अंधारात आपल्याआपण पार ३० सेकंदांपर्यंत जातो आणि शटरचा आवाज इतका बारीक की उघडलं कधी बंद झालं कधी कळत नाही, पैठणला मागावरच्या बाईचे फोटो काढताना लोक आरामात कॅमेरा खाली घेतात आणि शटर अजून उघडंच असतं. वेरूळला ट्रायपॉडला परवानगी लागते, त्यामुळं तिथं खांबाला टेकून, श्वास धरून काढा नाहीतर ४०० ची फिल्म टाका.

आता डोळा, काच आणि बोट. रेंजफाइंडरची छोटी खिडकी पुढच्या अंगाला असते आणि डाव्या-उजव्या हाताचं एखादं बोट तिच्यावर येतं, मग पॅच गायब होतो, लोकांना वाटतं बिघडला. पुढच्या दोन्ही काचा आणि मागची डोळा लावायची काच मऊ कापडानं पुसा, जरा वाफ मारून, बस. पॅच फिकट असेल तर व्ह्यूफाइंडरच्या पुढच्या मोठ्या खिडकीवर, बरोब्बर मध्यावर, पॅचएवढा काळ्या टेपचा तुकडा चिकटवून बघा. पॅचच्या जागेपुरती मुख्य प्रतिमा काळी पडते आणि दुसरी प्रतिमा उठून दिसते. दिसायला गावठी, पण मंद प्रकाशात लै उपयोगाचं. लांबचा चष्मा असलेल्यांनी तो घालूनच बघा, या जुन्या कॅमेऱ्यांच्या मागच्या काचेला नंबर जुळवायची सोय बहुतेक नसते.

आणि हे कुणी सांगत नाही, रेंजफाइंडर आडवा सरक मोजतो, म्हणून त्याला उभी रेघ लागते. पायऱ्या, फळ्या, तारा अशा आडव्या रेघांवर पॅच कुठंही जुळल्यासारखा वाटतो. अशा वेळी कॅमेरा उभा करा, जुळवा, मग परत आडवा. त्याच्यापेक्षा वाईट म्हणजे एकसारखी नक्षी. बीबी का मकबऱ्याच्या जाळ्या आणि वेरूळच्या दहा नंबरच्या लेण्यात छताला त्या ओळीनं कोरलेल्या फासळ्या, या दोन जागी भलेभले फसतात. जाळीचं एक भोक शेजारच्या भोकावर जाऊन बसतं, एकदम चपखल दिसतं, आणि अंतर साफ चुकीचं असतं. जाळीची कड, खांबाची धार, उभ्या माणसाच्या शर्टाची पट्टी, असं एकुलतं एक काहीतरी धरा.

फुकटातलं शेवटचं, फोकस करून फ्रेम वळवणं. पॅच मध्यभागीच असतो, म्हणून आपण डोळ्यावर जुळवतो आणि मग कॅमेरा फिरवून चेहरा कडेला नेतो. एक मीटरवर कॅमेरा २० अंश फिरवला तर फोकसची पातळी चेहऱ्याच्या साधारण सहा सेंटीमीटर मागं पडते, आणि आपल्याकडं मागं सूट होती अडीचची. म्हणजे कान धारदार, डोळे मऊ, कॅमेरा बिचारा बरोबर. जवळच्या पोर्ट्रेटला चेहरा मध्याजवळ ठेवा नाहीतर एफ ४ वर या. तुमचे फक्त कडेचे चेहरे बिघडत असतील तर इथंच थांबा, पुढचं वाचायची गरज नाही.

टॉर्च आणि हलवून बघणं

कॅमेरा रिकामा असताना मागचं झाकण उघडा, शटर बी वर (बटण दाबलेलं असेपर्यंत शटर उघडं राहतं ती खूण) लावून दाबून धरा (इलेक्ट्रोत बॅटरी घालूनच), अपर्चर पूर्ण उघडा आणि मागून मोबाईलचा टॉर्च तिरका मारून लेन्समधून बघा. धुळीचे चार कण दिसतील, आपल्या भागात ते दिसणारच, त्यांनी काही होत नाही. पण आत धुक्यासारखा थर दिसला किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर दुधाळ पडद्याचं कारण सापडलं. थर बहुतेक जुन्या ग्रीसची वाफ बसून होतो, मे महिन्यात बेचाळीस डिग्रीत बंद गाडीत कॅमेरा ठेवला की ग्रीस पातळ होऊन पसरतं. धागे म्हणजे बुरशी, पावसाळ्यात कपाटात चामड्याच्या केसमध्ये ठेवल्याची कमाई. दोन्हींवर फोकसचा स्क्रू फिरवून काडीचा फरक पडत नाही.

मग लेन्स हातात धरून हळूच हलवा. फोकस रिंग जराशी डुगडुगणं चालतं, पण अख्खा लेन्सचा नळकांडा बॉडीवर हलत असेल तर मागची कसणारी रिंग ढिली झालीय. लेन्स फिल्मपासून केसभर सरकली तरी एफ १.७ वर फरक पडतो. लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यांत ती शेवटपर्यंत आवळलीय का, ३९ मिमी स्क्रूच्या लेन्सला अडॅप्टर रिंग असेल तर ती वाकडी बसलीय का ते बघा. आणि रशियन ज्युपिटर लेन्स लायकावर लावून जवळचे फोटो उघड्या अपर्चरवर चुकतायत अशी तक्रार असेल तर तो बिघाड नाहीच, दोन्हींची मापं मुळात वेगळ्या परंपरेतली आहेत, लांबचं जुळतं आणि जवळचं सुटतं. ती लेन्स झोर्कीलाच लावा.

फक्त एकच बाजू धूसर असेल तर मागच्या झाकणावरची दाबपट्टी बघा. तिच्या स्प्रिंगा चारही बाजूंनी सारख्या दबतात का, फोमचा चिकट काळा लगदा तिच्यावर आलाय का. जुन्या जपानी कॅमेऱ्यांतला फोम हमखास वितळलेला असतो. फिल्म सपाट बसली नाही तर बाकी सगळं बरोबर असूनही तो भाग जातो.

इन्फिनिटी आणि टेप

इथून खरं निदान. लेन्स इन्फिनिटीला (रिंगवरची ∞ ची खूण, म्हणजे सगळ्यात लांबचा फोकस) टेकवा आणि लांबची उभी गोष्ट बघा, किलोमीटरभर तरी लांब. टेकडीवरून मकबऱ्याचे मिनार, दौलताबादच्या रस्त्यावरून चांद मिनार, लातूर-नांदेडकडं सपाटीवरचा मोबाईल टॉवर, काहीही चालतं. सकाळी लवकर करा. उन्हाळ्यात दहानंतर झळा सुरू झाल्या की टॉवरच नाचतो आणि पॅच जुळला की नाही सांगताच येत नाही. रात्री चंद्रावर पण होतं, उलट चंद्रावर वर-खालीचा फरक पण लगेच कळतो.

मग घरात, टेपनं एक मीटर मोजा, कॅमेऱ्यातल्या फिल्मच्या पातळीपासून, लेन्सच्या टोकापासून नाही. दाराच्या चौकटीवर पॅच जुळवा आणि लेन्सवरचा आकडा वाचा.

दोन्ही तपासण्या मिळून काय सांगतात बघा. इन्फिनिटीला पण चुकलं आणि एक मीटरला पण त्याच दिशेला चुकलं, तर रेंजफाइंडर एकरकमी सरकलाय, बहुतेक कॅमेरा कधीतरी पडलाय, आणि हे सुधारायला सोपं. इन्फिनिटी जुळली पण एक मीटर चुकतंय, तर दांडी झिजलीय, वाकलीय किंवा आधी कुणीतरी लेन्स उघडून चुकीची बसवलीय, हे सोपं नाही. नुसतं वर-खाली चुकत असेल तर त्यानं अंतर चुकत नाही, डोळ्याला त्रास होतो एवढंच, पुष्कळ लोक आयुष्यभर तसंच वापरतात. आणि दोन्ही ठिकाणी पॅच बरोबर, तरी फोटो चुकतात, तर संशय सगळा लेन्सवर.

काचेची परीक्षा

फ्रेम बनवणाऱ्याकडनं काचेचा तुकडा कापून घ्या, रुंदी ३४ मिमी, लांबी पाचेक सेंटीमीटर, कडा घासून. एका बाजूला ती धुरकट दिसणारी पारदर्शक चिकटपट्टी लावा, बुडबुडा राहू देऊ नका. कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडून ही काच आतल्या दोन पट्ट्यांवर ठेवा, जिथं फिल्म टेकते तिथं, चिकटपट्टीची बाजू लेन्सकडं. बाजू उलटी झाली तर काचेच्या जाडीएवढी चूक येईल आणि परीक्षाच वाया. काही जण नुसता ट्रेसिंग पेपर ताणून लावतात, तो मध्ये फुगतो, मला पटत नाही.

शटर बी वर, लॉक होणारी केबल लावून उघडं ठेवा, अपर्चर पूर्ण उघडं, कॅमेरा ट्रायपॉडवर. लेन्स इन्फिनिटीवर ठेवून लांबचा टॉवर काचेवर भिंगातून बघा, उलटा दिसेल, डोक्यावर ओढणी नाहीतर टॉवेल घेतला की स्पष्ट दिसतो. टॉवरच्या आडव्या-तिडव्या सळया वेगवेगळ्या दिसल्या पाहिजेत. मग एक मीटरवर तिरका पेपर ठेवून, पॅचनं एका ओळीवर फोकस करून, काचेवर नेमकी कुठली ओळ धारदार आहे ते वाचा.

काचेवर इन्फिनिटी स्पष्ट आणि पॅच मात्र चुकलेला, म्हणजे लेन्स निर्दोष, रेंजफाइंडर जुळवायला हरकत नाही. काचेवरच इन्फिनिटी धूसर, म्हणजे लेन्स चुकीच्या जागी आहे. तेव्हा पॅचच्या स्क्रूला बोटसुद्धा लावू नका. पॅच लेन्सच्या चुकीला जुळवून घेतला तर एका अंतरावर बरोबर येईल आणि बाकी सगळीकडं बोंब. आमच्याकडं येणाऱ्या "रिपेअर केलेल्या" कॅमेऱ्यांत हाच घोळ जास्त असतो.

स्क्रू, आणि कुठं थांबायचं

बऱ्याच रशियन कॅमेऱ्यांत इन्फिनिटीचा स्क्रू समोरून, वरचं कव्हर न काढता सापडतो, तिथं घरी करायला हरकत नाही. पाव फेऱ्यापेक्षा कमी फिरवा, बघा, परत फिरवा. झाल्यावर एक मीटर परत तपासा आणि स्क्रूच्या डोक्यावर नेलपॉलिशचा ठिपका द्या, नाहीतर एसटीच्या खडखडाटात स्क्रू परत ढिला. जपानी कॅमेऱ्यांत साधारण वरचं कव्हर काढावं लागतं आणि तिथले प्लस स्क्रू जपानी जेआयएस मापाचे असतात, आपला साधा फिलिप्स पेचकस त्यांचं डोकं खातो. जेआयएस पेचकस मागवा नाहीतर उघडूच नका. इलेक्ट्रोच्या कव्हरखाली दिव्यांच्या बारीक वायरी आहेत, जीएसएन मॉडेलमध्ये (हे १९७३ चं) फ्लॅशच्या जागेची वायर पण कव्हरलाच जोडलेली, झटक्यात उचललं की तुटली.

आत सोनेरी छटेची तिरकी काच दिसेल, तिच्यामुळंच पॅच दिसतो. तिला फक्त फुंकणीनं हवा मारा. कापूस, स्पिरिट, ओलं कापड काही नाही. तिचा मुलामा एका फटक्यात निघतो आणि पॅच कायमचा जातो.

आता साफ सांगते, खालच्यातलं काहीही असेल तर पेचकस खाली ठेवा आणि कारागिराकडं द्या: काचेवर इन्फिनिटी धूसर, लेन्सच्या आत थर किंवा बुरशी, फोकस रिंग अर्ध्यातच अडकते, इन्फिनिटी जुळते पण जवळचं चुकतं, तिरक्या काचेचा मुलामा उडालाय, शटर किंवा अपर्चरच्या पात्यांवर तेल दिसतंय. रिंगच्या आत जे आटे असतात ते एकाच वेळी पुष्कळ जागांतून सुरू होतात, उघडताना कुठून सुटले याची खूण केली नसेल तर परत बसवताना बरोबर जागा शोधत दिवस जातो. लायका असेल तर वरच्या सोप्या तपासण्यांनंतर सरळ थांबा. एम६ च्या लाल टिकलीखाली वर-खालीचा स्क्रू असतो हे खरं, पण त्या कॅमेऱ्याची किंमत बघता तो प्रयोग आपल्या घरच्या टेबलावर कशाला? उलट, साध्या इलेक्ट्रोला रिपेअरचा खर्च दुसऱ्या चालू इलेक्ट्रोएवढा सांगितला तर दुसरा घ्या आणि हा पार्टसाठी ठेवा, आजोबांचा असेल तर गोष्ट वेगळी.

पाठवताना बॅटरी काढा, लेन्स इन्फिनिटीला लावा, शटर भरून ठेवू नका. आणि सोबत चिठ्ठी टाका: इन्फिनिटीला पॅच कुठल्या बाजूला किती सुटतो, एक मीटर मोजल्यावर लेन्सवर आकडा काय आला, काचेवर काय दिसलं, आधी कुणी उघडलाय का. जमलं तर मोजायची टेप तिरकी ठेवून एफ १.७ वर काढलेल्या फोटोच्या निगेटिव्हचा तुकडा पण जोडा. नुसतं "फोकस खराब" असं लिहिलं तर कारागीर इन्फिनिटी जुळवून परत पाठवतो, आणि तुमचा बिघाड एक मीटरवरचा असतो.